खुनी कुठे आहे? लपवलेल्या चालींचा स्लॅशर बोर्ड गेम घरी बनवून खेळताना

लपवलेल्या चालींच्या खेळात एक गडी पटावर दिसतच नाही. तो आपल्या चाली आडोशामागे कागदावर लिहितो आणि बाकीचे त्याचा माग काढतात. १९८३ च्या ‘स्कॉटलंड यार्ड’मुळे हा प्रकार घराघरांत पोचला. लंडनच्या नकाशावर १९९ थांबे, आणि लपलेला गडी मिस्टर एक्स फक्त ३, ८, १३, १८ आणि २४ व्या चालीला दिसतो. २०११ च्या ‘लेटर्स फ्रॉम व्हाइटचॅपल’मध्ये माग काढण्याचे प्रश्न आहेत: पोलीस एखादा आकडा विचारतात आणि त्या रात्री लपलेला खुनी जॅक तिथून गेला असेल तर खूण पडते. २०१६ चा ‘लास्ट फ्रायडे’ थेट स्लॅशर थीमचा, म्हणजे एकेकाला गाठून मारणाऱ्या खुन्याच्या भयपटासारखा. त्याचे चार भाग आहेत आणि कधी खुनी पोरांच्या मागे, तर कधी पोरं खुन्याच्या मागे असतात.

या तिन्हींतलं उपयोगी तेवढं घेऊन घरी बनवता येईल असा एक पूर्ण खेळ खाली दिला आहे. गडी ३ ते ५, वेळ साधारण दीड तास. ओसाड कॅम्प, चार पोरं, एक खुनी. बनवताना एक गोष्ट धरून ठेवायची: अशा खेळात भीती रक्ताच्या चित्रांनी येत नाही. खुन्याबद्दल हाती असलेली बातमी किती शिळी झाली आहे, त्यावर ती ठरते. फार ताजी असेल तर पोरं निवांत फिरतात, फार शिळी असेल तर नुसते अंदाज ठोकतात. पुढचा जवळजवळ प्रत्येक आकडा हा शिळेपणा मापात राहावा म्हणून आहे.

पट

ए३ कागद आडवा घ्या. ९ स्तंभ आणि ८ रांगा, म्हणजे ७२ ठिपके. आडवं अंतर ४८ मिमी आणि उभं ३८ मिमी ठेवलं की कडेला जेमतेम दीड सेंटिमीटर समास उरतो. ठिपक्याचा गोल १४ मिमीचा काढा. आकडा गोलात न लिहिता त्याच्या बाजूला लिहा, नाहीतर सोंगटी ठेवली की आकडा झाकला जातो आणि दर चालीला कोणीतरी ती उचलून खाली बघत बसतं. आकडे डावीकडून उजवीकडे, रांगेनं: पहिल्या रांगेत १ ते ९, दुसरीत १० ते १८, शेवटचीत ६४ ते ७२. हे दिसायला रुक्ष वाटतं, पण का ते पुढे कळेल.

आता वाटा. प्रत्येक रांगेतले ठिपके आडवे सलग जोडा. उभ्या वाटा एकाआड एक: पहिल्या आणि दुसऱ्या रांगेमध्ये १, ३, ५, ७, ९ या स्तंभांत, दुसऱ्या आणि तिसऱ्या रांगेमध्ये २, ४, ६, ८ या स्तंभांत, आणि असंच आलटून पालटून खालपर्यंत. विटांच्या भिंतीसारखी रचना तयार होते. आतल्या प्रत्येक ठिपक्याला बरोबर तीन वाटा मिळतात.

तीनच का? उभं राहायची मुभा नसेल तर अशा पटावर खुनी कुठे असू शकतो, याच्या जागा एका चालीनंतर ३, दोन चालींनंतर ७, तीन चालींनंतर १२ आणि चार चालींनंतर १९ होतात. जागेवर थांबायची मुभा दिली की त्याच ४, १०, १९ आणि ३१ होतात. ७२ पैकी १२ जागांवर डोकं चालवता येतं, ३१ जागांवर चालत नाही. म्हणून या खेळात दोन नियम पक्के आहेत: लपलेल्या गड्यानं दर फेरीला हललंच पाहिजे, आणि त्याची खबर दर तीन फेऱ्यांनी फुटलीच पाहिजे.

नुसत्या विटांच्या रचनेत मात्र एक छिद्र आहे. बुद्धिबळाच्या पटासारखे ठिपके काळे-पांढरे रंगवले तर प्रत्येक चालीला रंग बदलतो. चलाख गडी हे ओळखतो आणि ‘सम फेरी आहे, म्हणजे तो पांढऱ्यावरच’ असं म्हणत निम्म्या जागा बाद करतो. उपाय म्हणजे सहा तिरप्या वाटा, कारण तिरपी चाल रंग बदलत नाही. त्या फक्त दुसऱ्या-तिसऱ्या, तिसऱ्या-चौथ्या आणि सहाव्या-सातव्या रांगांमध्ये काढा, प्रत्येक ठिकाणी दोन. इतर रांगांमध्ये काढल्या तर खेळाच्या दुसऱ्या भागातली (पहाटेतली) अंतरं कमी होतात आणि शेवटचा पाठलाग मिळमिळीत होतो.

पटाचे सहा भाग पाडा. प्रत्येक भागात तीन स्तंभ आणि चार रांगा, म्हणजे १२ ठिपके. त्यांना क, ख, ग, घ, च, छ ही नावं द्या आणि फिकट रंगांनी वेगळे करा. मग खास जागा: ३२ वर शेकोटी. ३, १६, ३८, ५३ आणि ६८ वर पाच खोपटी (बोटघर, जनरेटर, भटारखाना, काय हवी ती नावं द्या). डाव्या कडेला १०, २८, ४६, ५५ वर लपायच्या केबिन. उजव्या कडेला ९, ४५, ७२ वर बाहेर पडायच्या वाटा. चित्रकला येत असेल तर झाडं आणि तळं काढा, पण वाटांच्या रेषा झाकू देऊ नका. सुंदर पण न वाचता येणारा पट हा या प्रकाराचा जुना रोग आहे.

बाकी सामान

सोंगट्या पाच: चार पोरं, एक खुनी. खोपट्यांसाठी पालथ्या पाच चकत्या, त्यांतल्या तिघींवर वस्तूची खूण, दोन कोऱ्या. लाल मणी २०, पावलाच्या चकत्या ३, धावेच्या ३, आवाजाच्या ८. मिनिटाचं वाळूचं घड्याळ असेल तर उत्तम.

आडोसा नीट करा, यात कंजुषी नको. ३०० जीएसएमचे, म्हणजे जाड, दोन ए४ कागद घ्या. एक आडवा आख्खा, दुसरा मधून कापून त्याचे दोन पंख. चिकटपट्टीनं जोडले की २१ सेंमी उंचीचा, स्वतःच्या पायावर उभा राहणारा आडोसा होतो. आतल्या बाजूला पटाची छोटी प्रत चिकटवा. ती नसेल तर खुनी मोठ्या पटाकडे बघून चाल ठरवतो आणि समोरचे त्याच्या नजरेवरून निम्मा खेळ जिंकतात. पातळ कागद वापरून खुन्याच्या मागे दिवा ठेवला तर आतला हात आणि पेन सावलीसारखे दिसतात. दिवा पटाच्या वर असू द्या.

नोंदपट्टीवर पहिल्या भागासाठी १२ चौकटी आणि दुसऱ्यासाठी ८. प्रत्येक चौकट दोन आकडे मावतील एवढी रुंद हवी, कारण धावताना मधला आकडाही लिहायचा असतो.

पहिला भाग: रात्र

१२ फेऱ्या. चारही पोरं ३२ वर. खोपट्यांच्या चकत्या पालथ्या मिसळून ठेवा. कुठल्या कोऱ्या, हे खुन्यालाही माहीत नको. खुनी १, ९, ६४, ७२ या कोपऱ्यांपैकी एक गुपचूप लिहितो. तिघे खेळत असाल तर दोघांकडे दोन-दोन पोरं, पाच असाल तर एकेक.

प्रत्येक फेरीत आधी पोरं. एक पोर दोन ठिपक्यांपर्यंत जातं, किंवा एकच ठिपका जाऊन एक आकडा विचारतं: आपण उभे आहोत तो, किंवा वाटेनं जोडलेला शेजारचा. खुनी नोंदपट्टी बघून फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणतो. ‘हो’ म्हणजे रात्रीत कधीतरी तो तिथून गेला आहे. तिथे लाल मणी पडतो. कधी गेला, हे सांगायचं नाही. आत्ता तिथेच उभा असला तरी उत्तर तेवढंच. या खेळातला सगळ्यात थरकाप उडवणारा ‘हो’ हाच.

खोपटीवर चाल संपवली की चकती उलटायची. वस्तू असेल तर ती मिळाली, परत कुठे न्यायची गरज नाही.

मग खुनी. एक ठिपका हललंच पाहिजे. धावेची चकती टाकली तर दोन. अशा चकत्या अख्ख्या रात्रीत तीनच. चाल संपते तिथे पोर असेल तर तो मारू शकतो: आडोशावरून आकडा जाहीर, सोंगटी पटावर, पोर बाद. पुढच्या चालीला सोंगटी पुन्हा उचलायची. पोर स्वतःहून त्याच्या ठिपक्यावर आलं किंवा त्यावरून गेलं तरी मारायचा हक्क आहे, सक्ती नाही. गप्प बसून पुढच्या फेरीला दोघांच्या मधे उभं राहणं कित्येकदा जास्त फायद्याचं असतं. एका फेरीत एकच खून, आणि पहिल्या दोन फेऱ्यांत एकही नाही.

३, ६ आणि ९ व्या फेरीच्या शेवटी खुनी पावलाची चकती ठेवतो, आत्ताच्या जागी नव्हे, मागच्या फेरीच्या जागी. नुकताच खून करून दिसला असेल तर चकतीची गरज नाही.

मेलेल्या पोराच्या गड्याला उठून चहा करायला पाठवू नका. स्लॅशर खेळांचा सगळ्यात मोठा दोष हाच: तिसऱ्या फेरीत मेलेला माणूस तासभर मोबाइल बघत बसतो. इथे तो भूत होतो आणि ज्या भागात मेला त्या भागातला एक आकडा दर फेरीला विचारू शकतो.

१२ फेऱ्यांनंतर चारही पोरं मेली असतील किंवा एकही वस्तू हाती नसेल तर खुनी जिंकला. नाहीतर पुढे.

दुसरा भाग: पहाट

आता बाजू उलटते. खुनी उघडा, ३२ वर सोंगटी. जिवंत पोरांपैकी एक शेवटची वाचलेली ठरते आणि आडोसा तिच्या गड्याकडे जातो. पोरांच्या गटातले बाकीचे सगळे, मेलेलेसुद्धा, आडोशामागे तिच्या शेजारी बसतात. चार केबिनपैकी एक गुपचूप लिहा. रात्री जितक्या वस्तू मिळाल्या तितक्या बाहेरच्या वाटा उघड्या. कुठल्या, हेही गुपचूप लिहा.

८ फेऱ्या. आधी वाचलेली हलते: एक ठिपका बिनआवाजी, किंवा दोन ठिपके आणि ती जिथे पोचली त्या भागात आवाजाची चकती. कुठल्याही केबिनपासून कुठल्याही वाटेपर्यंत किमान ९ चाली लागतात आणि फेऱ्या आहेत ८, म्हणजे निदान एकदा तरी धावावंच लागतं. तिरप्या वाटा ठरावीक रांगांतच काढायला सांगितल्या त्या याचसाठी.

उरलेली तीन पोरं इथे कामाला येतात. मेलेल्या प्रत्येकामागे एक खोटा आवाज: एक ठिपका हललेल्या फेरीत हव्या त्या भागात चकती टाकता येते. जिवंत प्रत्येकामागे एक मुकी धाव: दोन ठिपके, चकती नाही. दोन्ही नोंदपट्टीवर लिहायच्या, ‘खो’ आणि ‘मु’ अशी खूण पुरते. ३ आणि ६ व्या फेरीला मात्र आपला खरा भाग सांगायचाच.

खुनी दोन ठिपक्यांपर्यंत हलतो, मग दोनांपैकी एक करतो. झडप: आपला ठिपका आणि जोडलेल्यांपैकी एक अशा दोन जागा तपासायच्या, ती तिथे असेल तर खेळ संपला. किंवा माग: आपल्या किंवा शेजारच्या ठिपक्यावरून पहाटेत ती गेली का, हे विचारायचं. खुन्यानं एकाच भागात सलग तीन फेऱ्या संपवायच्या नाहीत. हा नियम गाळला तर तो उजव्या कडेला ठाण मांडून बसतो आणि पहाट तिथेच मरते. ती उघड्या वाटेवर पोचली आणि त्या फेरीच्या झडपेत सापडली नाही तर पोरं जिंकली.

बिघडतं कुठे

सगळ्यात वाईट बिघाड म्हणजे चुकीची नोंद. खुन्यानं नसलेल्या वाटेनं चाल केली किंवा ‘हो’च्या जागी ‘नाही’ म्हटलं तर बाकीच्यांचा सगळा तर्क मातीत जातो, आणि ते कळतं शेवटी. रांगेनं आकडे देण्याचा फायदा इथे: कुठल्याही दोन लागोपाठच्या नोंदींत १ किंवा ९ चाच फरक हवा, तिरपी वाट असेल तर ८ किंवा १०. २३ नंतर ३० दिसलं की चूक पकडली. फसव्या जागा दोन: जिथे उभी वाटच काढलेली नाही तिथला ९ चा फरक, आणि रांगेचं टोक. ९ आणि १० मध्ये फरक एकाचा असला तरी ते पटाच्या दोन कडांना आहेत, तसंच १८-१९, २७-२८ वगैरे. आडोशावर हा इशारा लिहूनच ठेवा.

पेनानं लिहा, खोडू नका, चुकलं तर छेद द्या. हातानं भराभर लिहिलेले १ आणि ९ एकसारखे दिसतात, तेव्हा ९ ला शेपूट ठळक द्या. प्रश्नाचं उत्तर आठवणीनं देऊ नका. दर वेळी पहिल्या चौकटीपासून बोट फिरवा, आणि ‘हो’ असो वा ‘नाही’, बोट शेवटपर्यंत न्या. पहिल्याच आकड्यावर थांबून ‘हो’ म्हणणारा खुनी खूण जुनी असल्याचं फुकटात सांगून टाकतो. चूक आपली आपल्याला सापडली तर लगेच कबूल करा, शेवटच्या बरोबर ठिपक्यावर परत जा आणि तो आकडा उघड सांगा. शिक्षा एवढीच. भाग संपल्यावर दुसऱ्यांनी पकडली तर तो भाग हरलात.

वेळही चुगली करतो. साध्या चालीला पाच सेकंद आणि पेचातल्या चालीला दोन मिनिटं घेणारा खुनी न बोलता सगळं बोलतो. घड्याळ उलटं करा आणि वाळू संपल्यावरच ‘झालं’ म्हणा, चाल आधीच ठरलेली असली तरी. चाल मोजताना छोट्या नकाशावर पेन टेकवू नका. ठकठक ऐकून ठिपके मोजणारे महाभाग असतात.

दिवे मालवून खेळायची हौस सगळ्यांना येते. एकच पिवळा दिवा पुरतो, पण ७२ आकडे त्यात सहज वाचता आले पाहिजेत. अंधारात वातावरण नाही, चुका वाढतात.

पोरांच्या बाजूला एकच आवाजाचा माणूस सगळ्यांच्या चाली ठरवू लागला तर चर्चेला वाळूच्या एका फेरीची मर्यादा घाला, आणि शेवटचा निर्णय ज्याची सोंगटी त्याचा. चर्चा खुन्यासमोरच करायची, खाणाखुणा नाहीत.

खुन्यासाठी दोन गोष्टी

नवा खुनी पोरांच्या मागे धावतो. पोरं दोन ठिपके जातात आणि तुम्ही एक, तेव्हा पाठलाग फुकट आहे. न उलटलेल्या दोन खोपट्यांच्या मधल्या वाटेवर येरझाऱ्या घाला, म्हणजे पोर तुमच्याकडे चालत येईल. हललंच पाहिजे या नियमामुळे दबा धरून बसता येत नाही, पण ४१-४२-४१ असं करता येतं, आणि जुन्याच ठिपक्यांवर फिरत राहिलात तर ‘हो’ ऐकूनही पोरांना नवं काही कळत नाही.

धावेची चकती खुनासाठी नको, खुनानंतरसाठी ठेवा. खून केल्यावर तुमची जागा सगळ्यांना माहीत असते. साधी चाल केलीत तर तुम्ही तीन ठिकाणी असू शकता. धावलात, तर मागे परतण्याची मुभा धरून सात.

माप बसवताना

पहिले दोन-तीन डाव कोणीतरी एकतर्फी जिंकणारच. एका वेळी एकच आकडा बदला. खुनी भारी पडत असेल तर पावलाची चकती मागच्या फेरीऐवजी आत्ताच्या जागी ठेवा. तेवढं पुरलं नाही तर धावा तीनच्या दोन करा. पोरं भारी पडत असतील तर रात्र १२ ची १० फेऱ्यांची करा. खुन्याला कायमची दोन ठिपक्यांची चाल मात्र देऊ नका. दोन फेऱ्यांतच तो चार चाली पुढे गेलेला असतो, १२ च्या जागी १९ जागा उघड्या होतात आणि पोरं विचार करायचं सोडून देतात. पहाट फार सोपी जात असेल तर ३ आणि ६ बरोबर ५ व्या फेरीलाही भाग सांगायला लावा.

दोघंच खेळत असाल तर चारही पोरं एकाकडे द्या आणि भुताचा प्रश्न रात्रीत एकूण तीनदाच ठेवा.